तीन एकर जागेसाठी रायडिंग मोव्हर घ्यावा की मिनी ट्रॅक्टर?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. एकूण ३ एकर जागा. त्यातला घराभोवतीचा अर्धा एकर म्हणजे नीट राखलेली हिरवळ, मधे झाडं आणि फुलांचे वाफे. उरलेल्या अडीच एकरांत रानगवत, जे वर्षातून तीन-चारदा कापलं तरी भागतं. फाटकापासून घरापर्यंत २०० मीटरचा खडीचा रस्ता, जो मोठा पाऊस झाला की उखडतो. एका अंगाला उतार. रायडिंग मोव्हर (वर बसून चालवायचं गवत कापण्याचं यंत्र) घ्यावा, मिनी ट्रॅक्टर घ्यावा, की एकाच यंत्रात सगळं भागवावं, हे तुम्हाला ठरवायचं आहे आणि भेटेल तो माणूस ‘दोन एकरांच्या वर ट्रॅक्टरच’ असं सांगतोय.

एकरांवरून हा निर्णय होत नाही. दहा एकर सपाट हिरवळ असेल आणि गवत कापण्यापलीकडे काहीच करायचं नसेल, तर मोव्हरच घ्यावा. फार तर मोठा, व्यावसायिक वापराचा. उलट अर्ध्या एकरातही माती हलवायची, खडी पसरायची, खोडं ओढायची असतील तर तिथे मोव्हरचा निभाव लागणार नाही. मी आयुष्यभर ही यंत्रं चालवली, खोलली आणि परत जोडली आहेत. काम जमिनीच्या वरचं आहे की जमिनीत शिरायचं आहे, हा माझा पहिला प्रश्न असतो. ते काम किती वेळा येतं, हा दुसरा. क्षेत्रफळ त्यानंतर.

आधी गवताचा हिशेब करू, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. कापणीची रुंदी गुणिले वेग, आणि त्यातून वळणं व एकमेकांवर येणारे पट्टे यांचे वीसेक टक्के वजा. ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पाती असलेलं खालचं कवच) मोव्हर, म्हणजे १.०७ मीटर रुंदी, ताशी ६ किलोमीटरने चालला तर तासाला साधारण ५,१०० चौरस मीटर कापतो. सव्वा एकर धरा. मिनी ट्रॅक्टरच्या पोटाखाली ६० इंची डेक लावला, म्हणजे १.५२ मीटर, तर त्याच वेगाने साधारण ७,३०० चौरस मीटर. तुमच्या अर्ध्या एकराला पहिल्याला २४ मिनिटं लागतील, दुसऱ्याला १७. कागदावर सात मिनिटं वाचली. ती झाडांभोवती मागे-पुढे करण्यातच जातील. वाफ्यांच्या कडेला ट्रॅक्टर पोचत नाही, तिथे मागाहून हातयंत्र फिरवावं लागेल ते वेगळंच. वेग हवा असेल तर झिरो टर्न मोव्हर आहे. ५२ इंची डेकने ताशी १० किलोमीटरने तो तासाला अडीच एकरांच्या घरात जातो आणि झाडाला जागच्या जागी वळसा घालतो. गवत कापण्याच्या शर्यतीत ट्रॅक्टर कधीच पहिला येत नाही.

कापलेल्या गवताचा पोत हाही मुद्दा आहे. लॉन ट्रॅक्टर, म्हणजे ट्रॅक्टरसारखा दिसणारा रायडिंग मोव्हर, सव्वादोनशे-अडीचशे किलोचा असतो. मिनी ट्रॅक्टरमधला सगळ्यात छोटा वर्ग, २० ते २५ हॉर्सपॉवरचा, नुसता साडेपाचशे ते साडेसातशे किलो. त्यावर लोडर (पुढची माती-खडी उचलणारी बकेट आणि तिचे हात), डेक, मागचं वजन आणि चालक धरले की सहज एक टन होतो. ओल्या जमिनीवर दर आठवड्याला त्याच वाटेने हा टन फिरला की चाकोरी पडते, माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि दोन हंगामांत त्या पट्ट्यांत गवत विरळ होतं. फोर-व्हील लावून हिरवळीवर वळाल तर पुढची चाकं गवत सोलून काढतात, कारण मिनी ट्रॅक्टरांत पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतील अशीच गिअरची रचना असते. सरळ ओढताना ती उपयोगी, वळताना हिरवळीला मारक. उथळ नक्षीचे टर्फ टायर घातले तर नुकसान कमी होतं, पण मग तेच टायर चिखलात आणि उतारावर घसरतात. आडव्या-तिरप्या जाड नक्षीचे शेतीचे टायर चिखलात उत्तम आणि हिरवळीला सर्वांत वाईट. मधले औद्योगिक टायर दोन्हीकडे कामचलाऊ.

‘मग ट्रॅक्टरच्याच पोटाखाली डेक लावतो’ हा पर्याय तुम्ही विचारला आहे. जमतं, पण त्याआधी एक गोष्ट तपासा. शेतीसाठी बनवलेल्या कित्येक मिनी ट्रॅक्टरांना पोटाखालचा पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट, नसतोच. फक्त मागचा असतो. तो नसेल तर पोटाखालचा डेक बसत नाही. मागे जोडायचं फिनिश मोव्हर (हिरवळ कापायचं अवजार) घेता येतं, पण मग अख्खी गाडी कापण्याआधीच गवत तुडवत जाते आणि लांबी वाढल्याने वळायला जागा जास्त लागते. पोटाखालचा पीटीओ असला तरी डेक लावला की जमिनीपासूनची उंची जाते. खडी उचलायची, रानात शिरायचं तर डेक काढा. शनिवारी हिरवळ कापायची तर परत लावा. सराव असला तरी तो खाली सरकवणं, शाफ्ट जोडणं, उंची लावणं यात वेळ आणि उत्साह दोन्ही जातात. मग माणूस कंटाळतो, डेक तसाच ठेवतो आणि रानात एखाद्या लपलेल्या खुंटावर आपटतो.

रानगवताची गोष्टच वेगळी. हिरवळीच्या डेकची पाती स्पिंडलवर, म्हणजे त्यांना फिरवणाऱ्या दांड्यावर, घट्ट बोल्टने कसलेली असतात आणि त्यांचं टोक सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेगाने फिरतं. नीट कापायला तो वेग लागतोच, म्हणून मोव्हर नेहमी पूर्ण थ्रॉटलवर चालवायचा. पण या वेगात दगड किंवा खोड लागलं तर धक्का सरळ स्पिंडलला जातो. पातं वाकतं, बेअरिंग जातं, कधी डेकचं पत्र्याचं कवच चिरतं. स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचं रानगवत कापण्याचं अवजार. त्याची पाती मात्र बिजागरीसारख्या बोल्टवर सैल असतात. अडथळा आला की मागे दुमडतात आणि केंद्रोत्सारी बलाने पुन्हा सरळ होतात. शिवाय शाफ्टला शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच असतो, जो गिअरबॉक्सच्या आधी तुटतो किंवा घसरतो. कमरेएवढं गवत आणि बोटभर जाडीची झुडपं यांना स्लॅशरच हवा, आणि स्लॅशर चालवायला मागचा पीटीओ असलेला ट्रॅक्टर. तुमच्या अडीच एकरांचा निकाल इथे लागतो. गवत दर दोन-तीन आठवड्यांनी कापून गुडघ्याच्या खाली ठेवणार असाल आणि दगड वेचून काढणार असाल, तर मजबूत मोव्हरही ते करेल. वर्षातून तीनदाच कापणार असाल तर नाही.

आता जमिनीत शिरण्याचं काम. लॉन ट्रॅक्टर दिसतो ट्रॅक्टरसारखा, म्हणून लोक त्याच्या मागे फळी, छोटा नांगर, खडीची गाडी जोडतात. आत काय आहे ते पाहा. मागच्या आसात हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा) पंप, मोटर, गिअर आणि डिफरेन्शियल असं सगळं एका ॲल्युमिनियमच्या कवचात कोंबलेलं असतं. त्याला ट्रान्सॲक्सल म्हणतात. घरगुती मोव्हरमध्ये त्यात जेमतेम दोन-अडीच लिटर तेल असतं, थंड ठेवायला वर एक प्लास्टिकचा पंखा, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तेल बदलायला खाली प्लगच नसतो. सपाटीवर स्वतःचं आणि चालकाचं वजन नेणं एवढंच त्याचं काम. जास्त ओढायला लावलं की तेल तापतं, पातळ होतं, पंपाच्या आतल्या आतच गळायला लागतं आणि दाब पडतो. दुरुस्तीला येणाऱ्या अशा मोव्हरची तक्रार ठरलेली असते: सुरुवातीला नीट चालतो, अर्ध्या तासाने चढ चढत नाही, थोडा वेळ उभा केला की पुन्हा चालतो. खोलल्यावर तेल काळं, करपल्या वासाचं निघतं आणि पंपाच्या घासणाऱ्या तोंडावर नखाला लागतील अशा रेघा असतात. तिथून पुढे दुरुस्ती परवडत नाही. अख्खा ट्रान्सॲक्सल बदलावा लागतो आणि तो यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो.

मिनी ट्रॅक्टरचं कवच बिडाचं. ट्रान्समिशनचं तेलच हायड्रॉलिकला वापरलं जातं, ते दहा-बारा लिटर किंवा त्याहून जास्त, आणि त्याला गाळणी असते जी आपण बदलू शकतो. पण खरा फरक थ्री पॉइंट लिंकेजचा, म्हणजे मागे अवजार तीन ठिकाणी जोडायच्या रचनेचा आहे. अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी १९२० च्या दशकात ही रचना विकसित केली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे ती सर्वदूर पोचली. या जोडणीत अवजाराचं वजन आणि माती त्याला खाली खेचते तो जोर, दोन्ही मागच्या चाकांवर येतात. म्हणजे अवजार जितकं रुततं तितकी चाकं जमिनीला घट्ट धरतात. त्यामुळे तुलनेने हलका ट्रॅक्टरही नांगर ओढू शकतो. मोव्हरच्या मागे हुकाला अडकवलेलं अवजार असं काही देत नाही. ते फक्त मागे खेचतं, चाकं जागच्या जागी फिरतात आणि हिरवळीत खड्डा पडतो.

म्हणून हॉर्सपॉवरच्या आकड्यावर जाऊ नका. मोव्हरवर २२ लिहिलेलं असतं, ट्रॅक्टरवरही २२. मोव्हरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास ती ताकद देतं आणि ती पाती फिरवण्यासाठी असते, ओढण्यासाठी नाही. ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जास्त पिळ देतं आणि त्याच्या खाली ती जमिनीला लावायला तिप्पट वजन असतं. ट्रॅक्टर घेताना इंजिनची नाही, पीटीओची हॉर्सपॉवर विचारा. २४ हॉर्सपॉवरच्या हायड्रोस्टॅटिक मिनी ट्रॅक्टरला पीटीओवर १७-१८ मिळते. स्लॅशर किंवा रोटाव्हेटरच्या दर फूट रुंदीला साधारण ५ पीटीओ हॉर्सपॉवर हा जुना, उपयोगी अंदाज आहे. म्हणजे तुम्हाला साडेतीन, फार तर चार फुटी अवजार. त्याहून मोठं कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

आणखी एक. बाजारात २४-२५ हॉर्सपॉवरची मॉडेल एवढी दाटीने दिसतात याला कारण आहे. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या उत्सर्जन नियमांत १९ किलोवॉट, म्हणजे सुमारे २५ हॉर्सपॉवरच्या वरच्या डिझेल इंजिनांना जास्त कडक मर्यादा आहेत. त्यामुळे वरच्या वर्गात धुराची काजळी गाळणारा फिल्टर येतो, तो मधूनमधून तापवून जाळून साफ करावा लागतो. थोडा थोडा वेळ, हलक्या भाराने चालणाऱ्या यंत्राला ते मानवत नाही. तुमच्या कामाला २५ च्या आत भागत असेल तर त्या भानगडीत पडू नका.

लोडरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ट्रॅक्टर घेणाऱ्याला सगळ्यात आधी तोच हवा असतो आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याचबद्दल आहेत. छोट्या वर्गाच्या लोडरची पूर्ण उंचीपर्यंत उचलण्याची क्षमता साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे किलो लिहिलेली असते. ती बकेटच्या पिनपाशी, म्हणजे बकेट लोडरला जोडते तिथे, मोजलेली असते. बकेटमधली माती पिनच्या पुढे असते, आणि बकेटचं स्वतःचं वजनही त्यातूनच जातं. चार फुटी बकेटमध्ये काठोकाठ सुमारे १७० लिटर माती मावते. ओली माती लिटरला १.६ किलो धरली तर पावणेतीनशे किलोच्या आसपास. म्हणजे ओल्या मातीची भरलेली बकेट ही त्या लोडरची जवळजवळ कमाल मर्यादा. खडी तशीच जड. लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा असेल तर मात्र काहीच चिंता नाही.

भरलेली बकेट उचलली की वजन पुढच्या आसावर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. कित्येक मिनी ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. टू-व्हीलमध्ये, भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना मागची चाकं हलकी झाली तर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घरंगळत जातो. फोर-व्हील लावलेलं असेल तर पुढची चाकं शाफ्टने मागच्यांशी जोडलेली राहतात आणि तीही थांबवायला मदत करतात. म्हणून लोडरचं काम असलं की फोर-व्हील लावूनच उतरायचं आणि मागे थ्री पॉइंटला वजन असायलाच हवं: वाळू किंवा काँक्रीट भरलेली पेटी, किंवा एखादं जड अवजार. टायरमध्ये द्रव भरून घेतला तरी चालतो, पण मागे टांगलेलं वजन पुढच्या आसावरचा भारही कमी करतं. टायरमधला द्रव ते करत नाही. बकेट नेताना जमिनीपासून वीतभर वर, त्याहून वर नाही. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका पिनवर डुलतो, त्यामुळे तो डुलण्याच्या मर्यादेला टेकेपर्यंत ट्रॅक्टर खरं तर तीन बिंदूंवर उभा असतो. बकेट वर आणि एक चाक खड्ड्यात, एवढं आडवं व्हायला पुरतं.

उताराकडे वळू. तुम्ही ‘बऱ्यापैकी उतार’ असं लिहिलं आहे. मोजा. एक मीटरची सरळ फळी घ्या, तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक फळीवर ठेवलेल्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर आलं तर उतार १५ अंशांचा. बहुतेक रायडिंग मोव्हरच्या पुस्तिकेत हीच शेवटची मर्यादा असते, आणि ती कोरड्या गवतासाठी. फळी तीन-चार ठिकाणी लावा, सर्वांत वाईट आकडा धरा. मोव्हर उतारावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही; हाताने ढकलायच्या यंत्राचा नियम बरोबर याच्या उलट. झिरो टर्नला पुढे नुसती फिरती चाकं असतात. मागची चाकं घसरली की वळणं आणि थांबणं दोन्ही एकदम हातातून जातं, त्यामुळे तीव्र उताराच्या किंवा तळ्याच्या काठाशी तो नकोच.

ट्रॅक्टरला रोप्स असते, म्हणजे मागची ती लोखंडी कमान. ती उभी आणि पट्टा बांधलेला, ही जोडीच जीव वाचवते. पट्ट्याशिवाय कमान असेल तर उलटताना माणूस फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडतो. झाडाखालून जायला कमान दुमडली असेल तर पट्टा सोडायचा, आणि बाहेर आल्या आल्या कमान उभी करून पट्टा लावायचा. खोड किंवा अडकलेली गाडी ओढताना साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढण्यासाठीच्या मागच्या पट्टीला. आसाच्या वर, टॉप लिंकच्या (थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली तर जोर लागताच पुढचं तोंड वर उचलतं आणि ट्रॅक्टर मागे पालथा होतो. एक-दीड सेकंदाचा प्रकार असतो, क्लचवर पाय जायलाही वेळ मिळत नाही.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. साडेसात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट त्या वेगाने सेकंदाला दोन मीटरहून जास्त कापड स्वतःभोवती गुंडाळतो. बाही, ओढणी, जाकिटाची दोरी, काहीही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलेलं असेल तर ते बदलल्याशिवाय अवजार लावू नका. आणि मुलं, कितीही हट्ट केला तरी, ना मोव्हरवर मांडीत, ना ट्रॅक्टरच्या फेंडरवर. मोव्हर मागे घेताना दर वेळी मागे वळून बघायचं. रिव्हर्सला पाती बंद करणारी सोय असते, ती कुणी निकामी करून ठेवली असेल तर आधी जोडून घ्या.

मधला एक पर्याय म्हणून गार्डन ट्रॅक्टर सुचवतात: मोव्हरपेक्षा जाड चेसिस, मोठी चाकं, मजबूत ट्रान्सॲक्सल. चांगला बनवलेला असेल तर छोटी गाडी आणि हलकी फळी ओढतो. पण तुमच्या रस्त्याला तोही पुरणार नाही.

रस्त्याचं असं आहे की खड्ड्यात खडी ओतून तो टिकत नाही. खड्ड्याचा तळ कडक आणि गुळगुळीत झालेला असतो. वर टाकलेली खडी त्याला धरत नाही आणि पुढच्या पावसात चाकांनी बाहेर उडते. दाते असलेली बॉक्स ब्लेड (माती खरवडून पसरणारी पेटीसारखी फळी) लावून पूर्ण रस्ता खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडायचा, सुटं झालेलं साहित्य पसरायचं, मध्यभागी उंची ठेवायची आणि दाबायचं. ३ मीटर रुंद रस्त्याला मधोमध कडेपेक्षा ६ सेंटिमीटर उंची ठेवली की पाणी बाजूला उतरतं. हे करायला मागे वजन आणि खाली दाते रुतवणारं लिंकेज लागतं. म्हणजे ट्रॅक्टर. मात्र एकदा नीट केला तर वर्षातून एक-दोनदा हलका हात फिरवला की भागतं.

त्यावरून माझा सल्ला. गवत आठवड्याला वाढतं, रस्ता वर्षातून एक-दोनदा उखडतो. आधी अर्ध्या एकरासाठी ४२ इंची साधा मोव्हर घ्या, तोही अवजारं ओढण्याची स्वप्नं न बघता. पहिल्या वर्षी रस्ता आणि रानगवत ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्याने करून घ्या. ते काम होत असताना शेजारी उभे राहा आणि किती तास लागले, कुठलं अवजार लागलं, ते लिहून ठेवा. लोडरची गरज वर्षभरात किती वेळा वाटली, तेही लिहा. वर्षअखेर ते तास मोजकेच निघाले तर भाड्यानेच चालू द्या. दर महिन्याला काहीतरी उचलायचं-ओढायचं निघत असेल तर ट्रॅक्टर घ्या, आणि घ्याल तेव्हा फोर-व्हील, हायड्रोस्टॅटिक, लोडर, चार फुटी स्लॅशर आणि बॉक्स ब्लेड असा घ्या. पोटाखालचा डेक वगळून. लोडरच्या कामात सतत पुढे-मागे करावं लागतं, तिथे हायड्रोस्टॅटिकने पाय आणि क्लच दोन्ही वाचतात. फक्त नांगरट आणि रोटाव्हेटर असता तर मी गिअरचा सुचवला असता, कारण हायड्रोस्टॅटिक थोडी ताकद स्वतःच खातं. मोव्हर घरीच असल्यामुळे ट्रॅक्टरला शेतीचे किंवा औद्योगिक टायर बिनधास्त घालता येतील, आणि हिरवळ टनभर वजनाखाली जाणार नाही.

देखभालीची तुलना फार ताणायला नको. मोव्हरची पाती पंचवीसेक तासांनी धार लावून घ्या. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी टोकं पिवळी दिसतात. डेकची पुढची कड मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली ठेवा. हंगाम संपला की टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. ट्रॅक्टरची पहिली, सहसा ५० तासांची सर्व्हिस चुकवू नका. नवीन गिअरचा लोखंडी चुरा त्याच तेलात आणि गाळणीत येतो. लोडरच्या पिनांना कामाच्या दर दिवशी ग्रीस. स्लॅशर चालवल्यावर रेडिएटरपुढची जाळी काढून बघा. गवताचं बी आणि भुसा तिथे असा काही दाट बसतो की बाहेरून कळतही नाही आणि तापमानाचा काटा वर जातो.

मिनी ट्रॅक्टर वापरलेला घ्यायला हरकत नाही. डिझेल इंजिन नीट राखलं तर काही हजार तास चालतं, म्हणून हजार तास झालेला ट्रॅक्टर म्हातारा नाही. हजार तास झालेला घरगुती मोव्हर मात्र बहुधा संपत आलेला असतो. बघायला जाल तेव्हा बकेट जमिनीपासून थोडी उचलायला सांगा, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, आणि बाजूने उभं राहून बकेटची कड हलवा, पाय तिच्याखाली जाणार नाही असे ठेवून. पिनांमध्ये खडखड असेल तर ग्रीस कधी झालंच नाही, आणि बाकीची देखभालही तशीच झाली असणार. मागे जड अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ते भराभर खाली आलं तर लिफ्टची सील गेलेली आहेत. पुढच्या आसाच्या मधल्या पिनपाशी आणि चाकांच्या हबपाशी तेलाचे ओघळ बघा, विशेषतः लोडर असलेल्या ट्रॅक्टरला. ट्रान्समिशनच्या तेलाची पट्टी काढून बघा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. आणि इंजिन गार असतानाच सुरू करून बघायचं. पोचाल तेव्हा बॉनेटखाली हात लावून पाहा. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असेल तर चहा-पाण्यात न अडकता निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता जा.